मिटल्या पंखांचं विमान रस्त्याने नेताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सीमाभागातून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत, कारण सगळ्यांचा विषय एकच आहे. दोन आसनी, वर पंख असलेलं, कापड चढवलेलं छोटं विमान. पंख मिटवायचे आणि ट्रेलरवर घालून न्यायचं. १९८३ चं एव्हिड फ्लायर आणि त्याच्या पाठोपाठ आलेलं किटफॉक्स यांच्यापासून चालत आलेली ही रचना. पंखाचा पुढचा स्पार (पंखातली लांब मुख्य तुळई) एका पिनेने सांगाड्याला धरलेला असतो. ती पिन काढली की पंख मागच्या स्पारच्या बिजागरीवर फिरून शेपटीकडे जातो आणि नऊ-दहा मीटर पसरलेलं विमान सुमारे २.४ मीटर रुंदीत बसतं. खालचे हिशेब रिकामं वजन २८० किलो आणि शेपटीला चाक असं धरून केले आहेत. तुमच्या विमानाचं मॅन्युअल आमच्याहून वेगळं सांगत असेल, तर मॅन्युअलचंच ऐका.

प्रश्न (चिकोडी तालुका): रानातल्या धावपट्टीपासून घर १८ किलोमीटर आहे. विमानाला चाकं आहेतच, तर शेपूट पिकअपच्या हौद्यात बांधून स्वतःच्या चाकांवर ओढत नेलं तर चालेल का? नाहीतर उसाची ट्रॉली रिकामीच उभी आहे.

उत्तर: दोन्ही नको. विमानाची चाकं धावपट्टीवर मिनिटभर पळण्यासाठी असतात. डांबरी रस्त्यावर तासभर फिरवली की छोट्या बेअरिंगमधलं ग्रीस तापून पातळ होतं आणि टायर आतून गरम होतो. हँगरमधून पट्टीपर्यंत माणसाच्या चालीने ओढणं वेगळं आणि १८ किलोमीटर वेगळे.

पण चाकं ही दुय्यम गोष्ट आहे. खरी काळजी पंखाची. उडताना हवा पंखाला वर उचलते आणि तो भार पुढचा स्पार, मागचा स्पार आणि दोन्ही स्ट्रट (पंखाला खालून सांगाड्याशी जोडणारे तिरके दांडे) मिळून वाटून घेतात. पंख मिटला की पुढचा स्पार मोकळा सुटतो. मग अख्खा पंख मागच्या बिजागरीवर आणि मागच्या स्ट्रटच्या खालच्या टोकावर लोंबतो. पंख २० किलोचा धरा. खड्ड्यात गाडी आदळून तिप्पट झटका बसला, तर त्या क्षणी तो ६० किलोचा होतो, आणि पुढच्याच क्षणी वर उसळून बिजागरीला उलट्या दिशेने ओढतो. हवेत भार हळू चढतो आणि बराचसा एकाच दिशेने राहतो. रस्त्यावर तो दर सेकंदाला उलटसुलट होतो. लोखंडी पट्टी वाकवून-वाकवून तोडतो तसाच हा प्रकार. आधी बिजागरीचं भोक गोलाचं अंडाकृती होतं, मग वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर दिसते. ही चीर रंगाखाली लपते. रंगावर गंजाची बारीक तपकिरी रेघ दिसली तर तिथला रंग काढूनच बघा.

म्हणून नियम एकच: रस्त्याचा भार बिजागरीने घ्यायचा नाही. मिटलेल्या पंखाला टोकाकडच्या भागात खालून पाळणा हवा. तो शक्यतो ट्रेलरच्या सांगाड्यावर उभा करावा, विमानाच्या शेपटीवर नको. पाळण्याची रुंदी ७५ ते १०० मिलिमीटर ठेवा आणि तो बरोबर स्पारखाली, शक्यतो एखाद्या भक्कम रिबजवळ (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळीजवळ) येऊ द्या. मागच्या धारेखाली किंवा दोन रिबांमधल्या नुसत्या कापडाखाली आधार दिला, तर पोहोचेपर्यंत धार चेपलेली असते. पाळण्यावर गादीचा मऊ स्पंज लावू नका, तो पहिल्या पाच किलोमीटरांत सपाट होतो. योगा मॅटसारखा घट्ट फोम २५ मिलिमीटर जाडीचा लावा. पंख पाळण्यात बसला की वरून रुंद पट्टा हलकाच घ्या. त्याचं काम पंखाला उसळू न देण्याचं आहे, आवळण्याचं नाही. पंखाचा तळ आणि त्याखालचं आडवं शेपूट यांच्यात मूठभर तरी अंतर राहिलंच पाहिजे.

आता ट्रॉली. उसाची ट्रॉली कित्येक टन ओझ्यासाठी बनलेली असते. तिच्यावर २८० किलो ठेवणं म्हणजे रिकामी ट्रॉली पळवणंच. ती रस्त्याचा प्रत्येक दगड जसाच्या तसा वर पोहोचवते. नवीन ट्रेलर बनवतानाही हीच चूक होते. 'मजबूत असू दे' म्हणून दीड टनाचे स्प्रिंगचे पाटे घालतात आणि वर माल असतो पाव टन. विमान आणि ट्रेलर मिळून ६०० किलो होणार असतील, तर पाटे ७५० ते ८०० किलोला दबतील असे घ्या. बनवून झाला असेल तर फॅब्रिकेटरकडून प्रत्येक बाजूचा एकेक पाटा कमी करून घ्या. टायरमध्ये कंपनीने सांगितलेली कमाल हवा न भरता, त्या वजनाला लागते तेवढीच भरा.

प्रश्न (बेळगाव): पंख मिटवण्याचा नेमका क्रम सांगाल का? आमच्याकडे पुढची पिन दरवेळी अडकते. हातोडीने ठोकून काढावी लागते.

उत्तर: हातोडी आधी बाजूला ठेवा. पिन अडकते कारण पंखाचं वजन तिच्यावर आलेलं असतं. टोकाला उभ्या माणसाने पंख बोटभर वर-खाली केला की एका ठिकाणी ती अलगद सैल होते आणि दोन बोटांनी निघते. ठोकून काढलेल्या पिनेच्या डोक्याला कंगोरा येतो. तोच कंगोरा पुढच्या वेळी भोक खरवडतो आणि पिन आणखी अडकते.

जमीन सपाट हवी, वारा नको आणि माणसं तीन. बेळगावच्या माळावर आषाढात दुपारभर पश्चिमेचा वारा असतो, त्या दिवसांत हे काम सकाळी लवकर उरका. इग्निशन बंद, पेट्रोलचा कॉक बंद, पंखातल्या टाक्या रिकाम्या. चाकांना पुढून-मागून ठोकळे. फ्लॅप वर, स्टिक मध्यावर बांधलेली. पंखाच्या मुळाशी पिटोची (हवेतला वेग मोजणारी) नळी, दिव्याची वायर, पेट्रोलची नळी यांतलं जे सोडायचं ते आधी सोडा आणि उघड्या टोकांना टोपी घाला. कुंभारीण माशी पिटोच्या नळीत एका दुपारीत मातीचं घर बांधते. फ्लॅपरॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीची) दांडी सोडावी लागणारी रचना असेल, तर तीही आताच.

मग एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने मुळाशी पिन काढायची, तिसऱ्याने मागची धार सांगाड्याला घासत नाही ना ते बघायचं. टोकाच्या माणसाने पंख एका पातळीत ठेवून चालत मागे जायचं. मध्येच सोडायचा नाही आणि टेकवायचाही नाही. पंख मागे गेला की वजन शेपटीकडे सरकतं. शेपटीला चाक असलेल्या विमानात ते चाकावर येतं, पण नाकाखाली चाक असलेलं विमान इथेच शेपटीवर बसतं, म्हणून त्याच्या शेपटीखाली आधी स्टँड लावा. एक पंख मिटवून चहाला जाऊ नका. एकीकडे पसरलेलं आणि एकीकडे मिटलेलं विमान वाऱ्याची एक झुळूकही कलंडवू शकते.

काढलेली पिन खिशात घालू नका, तिच्याच कानात (पिनेसाठी भोक असलेल्या पट्टीत) परत अडकवा. डाव्या-उजव्या पिनांना रंगाचा ठिपका द्या आणि त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका, कारण प्रत्येक पिन आपापल्या भोकाशी रुळलेली असते.

प्रश्न (निपाणी): तवंदी घाट उतरताना ट्रेलर डावी-उजवीकडे शेपटी मारतो. ताशी ५० लाही. टायर, बेअरिंग सगळं नवीन आहे.

उत्तर: तुमचं ओझं मागे पडलं आहे. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं. ट्रेलरचं तेच होतं, फक्त हुक त्याला वर जाऊ देत नाही, म्हणून तो बाजूला झुलतो. उतारावर मागून ढकलणारं वजन त्या झोल्याला वाढवतं.

हुकावर येणारं वजन एकूण ओझ्याच्या १० ते १५ टक्के हवं. ट्रेलर ३२० आणि विमान २८०, एकूण ६०० किलो. म्हणजे हुकावर ६० ते ९० किलो. मोजायला काही खर्च नाही. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना ठोकळे लावा. घरातला वजनकाटा हुकाखाली ठेवा आणि त्यावर हुकाच्या उंचीचा लाकडी ठोकळा उभा करून दांडी त्यावर टेकवा. मोजताना ट्रेलर जमिनीला समांतर, गाडीला जोडल्यावर असतो तसाच हवा. आकडा कमी आला तर विमान पुढे सरकवा. हुकापासून चाकांच्या आसापर्यंत ४ मीटर असतील, तर विमान १० सेंटिमीटर पुढे घेतल्यावर हुकावर ७ किलो वाढतात. योग्य जागा सापडली की ट्रेलरच्या फळीवर चाकांपुढे लाकडी पट्टी कायमची ठोका. आणि तुमच्या गाडीचा हुक किती वजन घेऊ शकतो, तेही पाहून घ्या.

ट्रेलर झुलू लागला तर ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंगने त्याचा पाठलाग करू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या. तवंदी आणि पुढे वंटमुरी, दोन्ही घाट वरूनच खालच्या गिअरमध्ये उतरा. मागून आलेली रात्रीची बस ओव्हरटेक करते तेव्हा तिच्या हवेचा दाब आधी बाहेर ढकलतो, मग आत खेचतो. म्हणून या कामाला दिवसच बरा. ऊस हंगामात तर रात्री निघूच नका, संकेश्वर-निपाणी पट्ट्यात मागचा दिवा नसलेली जोड-ट्रॉली कधी समोर येईल ते सांगता येत नाही.

याच पत्रात बांधणीचंही विचारलं आहे. पट्टा चाकाच्या आसाजवळ, लँडिंग गिअरच्या खालच्या टोकाला घ्या, सांगाड्यावरून नको. सांगाड्यावरून घेतला की खड्ड्यात गिअर दबतो, पट्टा क्षणभर ढिला पडतो आणि परत ताणताना विमानाला हिसका देतो. तोच हिसका शेकडो वेळा बसतो. प्रत्येक चाकाला एक पट्टा पुढे, एक मागे, ४५ अंशांत. पट्टा ५०० किलो कामाच्या भाराचा असेल, तर त्या कोनात तो आडवे सुमारे ३५० किलो धरतो, म्हणजे मागच्या बाजूला ओढणारे दोन मिळून ७००. जोराच्या ब्रेकला विमान २२५ किलोच्या आसपास पुढे रेटतं, त्यामुळे पुरेशी जादा ताकद हाताशी राहते. पट्टे पॉलिएस्टरचे घ्या. नायलॉन भिजला की लांबतो. पट्ट्याला मध्ये अर्धा पीळ दिला तर वाऱ्यात फडफडत नाही. निघाल्यावर १० ते १५ किलोमीटरांवर थांबून सगळे परत आवळा, कारण पहिल्या टप्प्यात ते हमखास सैल होतात. शेपटीचं चाक लाकडी खाच्यात बसवून पट्टा शेपटीच्या स्प्रिंगवरून घ्या.

प्रश्न (बेळगाव, उद्यमबागजवळ): पंखाची एक पिन हरवली आहे. शेजारच्या लेथवर तासाभरात तंतोतंत मापाची पिन मिळते. १२.९ ग्रेडचा बोल्ट कापून केली तर मूळ पिनेपेक्षा मजबूतच होईल ना?

उत्तर: नाही, आणि या प्रश्नाचं उत्तर आम्ही जरा ठामपणे देत आहोत. उद्यमबागेतल्या लेथवर माप चुकणार नाही, तिथल्या कारागिरांचा हात नावाजलेला आहे. प्रश्न मापाचा नाही, धातूचा आहे. १२.९ ग्रेड कडक असतो, पण जितका कडक तितका कमी लवचीक. त्यावर झिंकचं पाणी चढवलं असेल, तर त्या प्रक्रियेत हायड्रोजन धातूत शिरून तो ठिसूळ होऊ शकतो, आणि असा बोल्ट कुठलीही सूचना न देता तुटतो. विमानाची पिन आधी वाकते, मग तुटते, आणि त्या वाकण्यातच तुम्हाला ती दिसते. शिवाय बोल्टाचा आटे पाडलेला भाग कानाच्या भोकात आला, तर आट्यांच्या धारा भोक कापतात.

पिन उत्पादकाकडून किंवा धातूच्या प्रमाणपत्रासह विमानसाहित्य विकणाऱ्याकडूनच मागवा. तोपर्यंत विमान जमिनीवर. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानांचे सुटे भाग बनतात. तिथे प्रत्येक तुकड्यासोबत तो कुठल्या धातूच्या कुठल्या लॉटचा आहे याचा कागद फिरतो, तो याचसाठी. लेथवर करून घ्यायचंच असेल तर पाळण्याचे क्लॅम्प, चाकांचे ठोकळे, रॅम्पचे कान करून घ्या.

रॅम्पवरून आठवलं. ट्रेलरची फळी जमिनीपासून ५० सेंटिमीटर असेल, तर २.४ मीटर लांब रॅम्पचा चढ १२ अंश होतो आणि ३.६ मीटरचा ८ अंश. लांब रॅम्पच घ्या. पुढची चाकं चढत असताना शेपूट खालीच असते, नाक वर जातं आणि मिटलेल्या पंखांची टोकं जमिनीकडे झुकतात. त्या वेळी दोन्ही टोकांशी एकेक माणूस उभा हवा. हँड विंचचा दोर लँडिंग गिअरच्या खालच्या भागाला लावा, प्रॉपेलरला कधीच नाही.

प्रश्न (खानापूर): जांबोटी रस्त्याच्या तांबड्या धुळीपासून वाचवायला विमान पूर्ण ताडपत्रीत गुंडाळलं. उतरवल्यावर रंग मॅट झालेला आणि काच धुरकट.

उत्तर: ताडपत्रीनेच रंग घासला. वाऱ्याने ती फडफडते आणि तिच्या आत शिरलेली जांभ्याची धूळ पॉलिश पेपरसारखं काम करते. उघड्या ट्रेलरवर विमान उघडंच न्या. झाकायचं ते फक्त तोंडं: इंजिनच्या हवेच्या वाटा, पिटो, पेट्रोलच्या टाकीचे व्हेंट (हवा जायची भोकं). काचेवर मऊ सुती कव्हर घट्ट बसेल असं शिवून घ्या, लोंबतं नको. प्रॉपेलर आडवा ठेवून बांधा, नाहीतर वाऱ्याने फिरत राहतो. रडर आणि एलेव्हेटर (शेपटीचे उभे आणि आडवे हलते भाग) बाहेरून फोम लावलेल्या लाकडी चिमट्यांनी धरा आणि प्रत्येक चिमट्याला लाल फडकी बांधा. नुसती स्टिक बांधून भागत नाही, मग वाऱ्याचा धक्का केबल आणि बेलक्रँकवर (ओढ्याची दिशा वळवणाऱ्या सांध्यावर) जातो.

धुळीचं विमान कोरड्या फडक्याने पुसू नका. आधी भरपूर पाणी ओता, मग साबणाच्या पाण्याने हाताने धुवा. काच पॉलिकार्बोनेटची असेल तर तिला पेट्रोल आणि अमोनिया असलेलं क्लीनर लागू देऊ नका, बारीक जाळीसारख्या चिरा पडतात.

पावसाळ्यात कणकुंबीच्या बाजूला जायचं असेल, तर पंखाच्या खालच्या बाजूची पाणी निघायची भोकं मोकळी आहेत का ते पाहा. मिटलेल्या पंखात पाणी वेगळ्याच कोपऱ्यात साठतं.

प्रश्न (हुक्केरी): टाक्यांत दहा-दहा लिटर पेट्रोल राहिलं तर?

उत्तर: काढा. दहा लिटर म्हणजे सव्वासात किलो, तेही हिंदकळणारे, आणि मिटलेल्या पंखात व्हेंटमधून गळणारे.

प्रश्न (बेळगाव): आरटीओ अडवेल का? कोगनोळीमार्गे कोल्हापूरला न्यायचं आहे.

उत्तर: ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे, त्याची स्वतःची नोंदणी आणि नंबर लागतो. फॅब्रिकेटरकडून बनवला आणि केए-२२ ची पाटी रंगवली, असं चालत नाही. रुंदीची मर्यादा २.६ मीटर, म्हणजे २.४ मीटरचं मिटलेलं विमान बसतं, पण पाळण्याचे खांब आणि आरसे धरूनही तेवढ्यातच राहा. विमानाचा कुठलाही भाग ट्रेलरच्या बाहेर डोकावू देऊ नका, पंखाची टोकंसुद्धा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये बाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. म्हणून ट्रेलरची फळी रडरच्याही मागे हातभर लांब करून घ्या.

विमानाची नोंदणी, मालकी आणि विमा यांच्या प्रती जवळ ठेवा. एक पानी पत्र कन्नड आणि मराठी दोन्हींत छापून घ्या: विमान कुणाचं, कुठून कुठे, टाक्या रिकाम्या, पंख मिटलेले. नाक्यावरच्या शिपायाला त्याच्या भाषेत कागद मिळाला की निम्मी विचारपूस तिथेच संपते. विम्याचं मात्र नीट वाचा. उड्डाणाची पॉलिसी रस्त्यावरचं नुकसान भरून देईलच असं नाही. त्यासाठी इनलँड ट्रान्झिट पॉलिसी वेगळी असते आणि ती मरीन विभागात मिळते.

प्रश्न (खानापूर): पोहोचल्यावर पंख उघडले, पिना घातल्या. त्याच संध्याकाळी उडायला हरकत आहे का?

उत्तर: संध्याकाळी घाईने नको. या प्रकारच्या विमानात सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे पिन आत गेली, पण तिची सेफ्टी (ती निसटू नये म्हणून लावायची छोटी खीळ) लावायची राहिली. पिन कंपनाने बाहेर सरकते आणि पुढचा स्पार सुटतो. म्हणून पंख जोडणाऱ्याने एकदा आणि ज्याने हात लावलेला नाही अशा दुसऱ्याने एकदा, असं दोनदा तपासायचं. दुसऱ्याने नुसतं बघायचं नाही, प्रत्येक सेफ्टीला बोट लावून मोठ्याने मोजायचं. कॉटर पिन दरवेळी नवीन. एकदा सरळ केलेली दुसऱ्यांदा वाकवली की मुळाशी तुटते.

मग पंखाचं टोक धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. मुळाशी 'टक' असा आवाज आला किंवा बोटाला खेळ जाणवला, तर भोक आणि पिन दोन्ही कॅलिपरने मोजा. बिजागरीचे वेल्ड भिंगाने बघा. मागची धार, आडव्या शेपटीची वरची बाजू, स्ट्रटची टोकं, जिथे जिथे घासण्याची शक्यता होती तिथे रंग बघा. इंजिन माउंटचे रबर आणि बोल्ट, प्रॉपेलरचे बोल्ट टॉर्क रेंचने. पेट्रोल थोडं भरून पंखाच्या मुळाशी नळी ओलसर होते का ते १५ मिनिटं पाहा, मग खालच्या ड्रेनमधून काचेच्या बाटलीत नमुना घ्या. त्यात पाणी आणि कचरा दोन्ही दिसतात. पिटोचं कव्हर काढलं का? लाल फडकी किती लावली होती आणि किती हातात आली, ती मोजा.

शेवटी कंट्रोल. फ्लॅपरॉनची दांडी सोडून परत जोडली असेल, तर ती नुसती मोकळी हलते एवढं पाहून थांबू नका, योग्य दिशेने हलते का ते पाहा. आत बसलेल्याने स्टिक उजवीकडे न्यायची, बाहेरच्याने ओरडून सांगायचं: उजवा वर, डावा खाली. स्टिक मागे: एलेव्हेटर वर. उजवा पाय: रडर उजवीकडे. हे तिन्ही बरोबर आल्यावर लॉगबुकात तारीख टाकून दोघांनी सह्या करायच्या, आणि पहिलं उड्डाण सकाळच्या शांत हवेत, एकट्याने, पट्टीच्या वरच एक फेरी मारून खाली.